कहकशांच्या मध्यभागी काय आहे?

उर्दूत आकाशगंगेला कहकशां म्हणतात. शब्द फारसी आहे. ‘काह’ म्हणजे वाळलेले गवत, पेंढा आणि ‘कशां’ म्हणजे ओढत नेणारा. पेंढ्याने भरलेली गाडी वाटेने जाते, मागे बारीक काड्या सांडत जातात, तसा आभाळातला तो पांढुरका पट्टा. वेरूळच्या मुलांनी कडब्याच्या गाड्या पाहिलेल्या आहेत, त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मराठीला त्याच पट्ट्यात नदी दिसली. आमच्या घरात दोन्ही शब्द चालतात आणि दोन्ही सुंदर आहेत. मात्र तो पट्टा प्रत्यक्षात काय आहे, हे माणसाला कळून पुरती चारशे वर्षे झाली, आणि त्याच्या मध्यभागी काय बसले आहे, याचा फोटो मिळून तर अवघी काही वर्षे.

हा विषय आम्ही मासिकासाठी निवडला त्याला कारण घडले ते मोबाईल. ‘कृष्णविवर पृथ्वी गिळायला निघाले आहे’ असे व्हिडिओ घराघरांत फिरतात. नववी-दहावीची मुले ते वर्गात घेऊन येतात, कधी घाबरून, कधी इतरांना घाबरवायला. दुसऱ्या प्रकारचे संदेशही येतात, ‘हे सारे आपल्या लोकांना आधीच ठाऊक होते’ अशा थाटाचे. दोन्हींमुळे मुलाची जिज्ञासा तिथेच थांबते. म्हणून जे मोजले गेले आहे, पाहिले गेले आहे, तेवढेच इथे सांगतो.

आपल्या लोकांचे म्हणाल, तर अब्दुर्रहमान अस्-सूफी हे नाव मुलांना जरूर सांगावे. इराणातल्या या खगोलशास्त्रज्ञाने सन ९६४ च्या सुमारास स्थिर ताऱ्यांवरचा आपला ग्रंथ पूर्ण केला. जुन्या यादीतले तारे त्याने स्वतः पाहिले, त्यांची तेजस्विता तपासली आणि जिथे जुने चूक वाटले तिथे तसे लिहिले. त्याच ग्रंथात देवयानी तारकासमूहात एक ‘लहानसा ढग’ असल्याची नोंद आहे. दुर्बीण यायला अजून साडेसहाशे वर्षे होती. तो ढग म्हणजे दुसरी अख्खी कहकशां आहे, हे त्याला कळणे शक्यच नव्हते. ते सिद्ध झाले १९२० च्या दशकात, एडविन हबल यांनी अमेरिकेतल्या माउंट विल्सनच्या दुर्बिणीतून त्या ढगातले तारे मोजले तेव्हा. देवयानी आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. अशा ताऱ्यांच्या विराट वस्त्यांना मराठीत दीर्घिका म्हणतात, आणि आपली आकाशगंगा ही त्यांतली एक.

आता कृष्णविवराकडे येऊ. नावात विवर असले तरी ते भोक नाही. खूप मोठे वस्तुमान फार थोड्या जागेत दाबले गेले, तर त्याचे गुरुत्वाकर्षण इतके प्रचंड होते की जवळ गेलेला प्रकाशही सुटून बाहेर येत नाही. सगळी पृथ्वी दाबून बोराएवढी करता आली, तर तिचे कृष्णविवर होईल. सूर्याचे करायचे तर सुमारे तीन किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यात तो बसवावा लागेल. पण सूर्य तसा होणार नाही. त्यासाठी तारा मुळातच फार जड लागतो. विझणाऱ्या ताऱ्याचे उरलेले गाभ्याचे वजन एका मर्यादेपलीकडे गेले, तर तो शांतपणे थंड होऊ शकत नाही, आत कोसळत जातो. ही मर्यादा लाहोरला जन्मलेल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० मध्ये शोधली. इंग्लंडला शिकायला निघालेला एकोणीस वर्षांचा मुलगा, आणि हा हिशोब त्याने बोटीवरच्या प्रवासात मांडला. नोबेल मिळाले १९८३ मध्ये. म्हणजे त्रेपन्न वर्षांनी. दहावीच्या निकालावर मुलाचे भवितव्य ठरवून टाकणाऱ्या पालकांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आणि त्या व्हिडिओंचे काय? समजा, या क्षणी सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचे कृष्णविवर आणून ठेवले. थंडी आणि अंधार होईल, पण पृथ्वी आत ओढली जाणार नाही. आज फिरते तशीच फिरत राहील. कृष्णविवर काही झाडूसारखे लांबूनच सगळे ओढत बसत नाही. अगदी जवळ जाईल त्याचीच धडगत नाही.

ताऱ्यांपासून बनलेली कृष्णविवरे लहान. दीर्घिकांच्या मध्यभागी बसलेली मात्र लाखो ते अब्जावधी सूर्यांच्या वजनाची असतात. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावर जे आहे त्याचे वजन सुमारे ४० लाख सूर्यांइतके. हे कसे कळले? तिथला एक तारा सोळा वर्षांत एका अंधाऱ्या बिंदूभोवती फेरी मारतो. फेरीचा आकार आणि वेळ माहीत असली की मधल्या वस्तूचे वजन निघते, शाळेतल्या गुरुत्वाकर्षणाच्या धड्यातलेच गणित. राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांच्या गटांनी वर्षानुवर्षे हे तारे पाहिले, २०२० च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. मे २०२२ मध्ये त्या विवराच्या सावलीचे चित्रही प्रसिद्ध झाले. आपण तिथून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षे लांब आहोत. काळजीचे कारण नाही.

पहिले चित्र त्याआधी, एप्रिल २०१९ मध्ये आले होते, पण ते दुसऱ्या दीर्घिकेचे. तिचे नाव एम-८७. तिच्यातले विवर सुमारे साडेसहाशे कोटी सूर्यांच्या वजनाचे. ती साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर आहे, म्हणजे चित्रातला प्रकाश तिथून निघाला त्याला तेवढी वर्षे झाली. वेरूळची लेणी ज्या काळ्या दगडात कोरली आहेत, तो दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्या पायाखालचा खडक थंड होऊन बराच काळ लोटल्यावर तो प्रकाश निघाला आणि आता पोहोचला. लेण्यांत उभे राहून मुलांना हे सांगितले की क्षणभर तरी गलका थांबतो.

आकाशगंगा आणि एम-८७, दोघींचा आकार मात्र अगदी वेगळा. हबल यांनी १९२६ मध्ये दीर्घिकांची जी वाटणी केली ती आजही शिकवली जाते. चपट्या तबकडीच्या, नागमोडी हात असलेल्या त्या सर्पिल. आपली आणि देवयानी अशा. गोल किंवा अंड्यासारख्या, हात वगैरे काही नसलेल्या त्या लंबगोल. एम-८७ अशी. ज्यांना धड आकारच नाही त्या अनियमित. सर्पिल दीर्घिकांत अजून वायू आहे, नवे निळसर तारे जन्मतात. लंबगोल बहुतेक पिवळसर-तांबूस, म्हाताऱ्या ताऱ्यांच्या, नव्या जन्माशिवायच्या.

तबकडी चपटी का होते, हे रुमाली रोटी करणाऱ्याकडे पाहून कळते. गोळा फिरवत वर उडवला की तो पसरून पातळ होतो. फिरणारा वायूचा ढग आक्रसताना तसाच चपटा होतो. आणि सर्पिल हात? तुम्ही कन्नडच्या घाटात ट्रकांची रांग पाहिली असेल. रांग तिथेच असते, ट्रक मात्र बदलत राहतात. एक पुढे निघून जातो, मागून दुसरा येऊन अडकतो. दीर्घिकेचे हातही पुष्कळदा असेच असतात, तारे आणि वायू त्यांत शिरतात, दाटी करतात, बाहेर पडतात. दाटीत वायू दाबला जातो आणि तारे जन्मतात, म्हणून हात उजळ दिसतात.

दीर्घिका मुळात बनली कशी, यावर दोन मते फार काळ समोरासमोर होती, आणि दोन्ही समजावून सांगायला आमचा जिल्हा बरा आहे. कैलास लेणे एकाच प्रचंड खडकातून वरून खाली कोरले. शहरातला बीबी का मकबरा पायापासून चिरा, विटा, चुना रचत वर नेला. १९६२ मध्ये एगन, लिंडन-बेल आणि सँडेज यांनी मांडले की आपली दीर्घिका एकाच विशाल ढगाच्या कोसळण्यातून, तुलनेने लवकर घडली. हा झाला कैलासचा मार्ग. १९७८ मध्ये सर्ल आणि झिन यांनी सांगितले की लहान लहान तुकडे सावकाश येऊन मिळत गेले. हा मकबऱ्याचा. आज पारडे बरेचसे दुसऱ्या बाजूला झुकले आहे. आधी न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचे गोळे जमले, त्यांत वायू उतरला, थंड झाला, तारे पेटले, मग छोट्या दीर्घिका एकमेकींत मिसळत मोठ्या झाल्या. पण ‘बरेचसे’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे. त्याचे कारण पुढे येईल.

दोन मोठ्या तबकड्या एकमेकींवर आदळल्या की ताऱ्यांच्या शिस्तीच्या फेऱ्या विस्कटतात आणि उरते ती लंबगोल दीर्घिका. आपली आणि देवयानीची टक्कर चार-पाच अब्ज वर्षांनी नक्की होणार, असे अलीकडेपर्यंत पुस्तकांत छापले जाई. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या हिशोबाप्रमाणे पुढच्या दहा अब्ज वर्षांत ती होण्याची शक्यता निम्मीच आहे. पाठ्यपुस्तकात बदल व्हायला वेळ लागेल.

यात मधल्या विवराचा हात किती? दीर्घिकेच्या तुलनेत ते क्षुल्लक आहे. आपल्या आकाशगंगेत शंभर अब्जांहून जास्त तारे, आणि मधले विवर ४० लाख सूर्यांचे. घरातल्या धान्याच्या पोत्यापुढे मुठीतले चार दाणे. तरीही २००० सालच्या सुमारास एक विलक्षण गोष्ट पक्की झाली. दीर्घिकेच्या मध्यभागी ताऱ्यांचा जो फुगवटा असतो, तो जितका जड तितके मधले विवर जड. दोघे जणू एकमेकांना विचारून वाढतात. लंबगोल दीर्घिका म्हणजे जवळजवळ सगळा फुगवटाच, त्यांची विवरे सर्वांत मोठी. देवयानीचा फुगवटा आपल्यापेक्षा मोठा, तिचे विवरही कितीतरी मोठे, सुमारे दहा कोटी सूर्यांचे. आणि शेजारच्या त्रिकोण तारकासमूहातली एम-३३ ही सर्पिल दीर्घिका, जिला फुगवटा जवळजवळ नाहीच, तिच्या मध्यभागी असे महाकाय विवर सापडलेलेच नाही.

एवढेसे विवर एवढ्या मोठ्या दीर्घिकेला कसे वळण लावते, हे आयाबहिणींना आमच्यापेक्षा लवकर कळेल. दही लावायचे तर दूध कोमट हवे. उकळत्या दुधात विरजण घातले तर दही लागत नाही. तारे जन्मायला वायू थंड व्हावा लागतो. विवरात पडणारा वायू त्याभोवती गरगर फिरताना भयंकर तापतो, त्यातून किरणे आणि कणांचे झोत बाहेर फेकले जातात, आणि आसपासचा वायू तापलेलाच राहतो. विरजण लागत नाही. दीर्घिका हळूहळू म्हातारी होते. विवर वायू गिळते म्हणून नव्हे, तो थंड होऊ देत नाही म्हणून.

हे झोत प्रकाशात फारसे दिसत नाहीत, रेडिओ लहरींत दिसतात. आणि ते पाहणारे जगातले एक मोठे साधन आपल्या महाराष्ट्रात, पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावाजवळ खोडदला आहे. जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, काही मध्ये आणि बाकीच्या तीन दिशांना, २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. तबकडीचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही, तारेच्या जाळीचा आहे. वारा जाळीतून निघून जातो, लोखंड कमी लागते, खर्च वाचतो. या दुर्बिणीच्या निरीक्षणांचा उपयोग करून २०२० मध्ये भुजंगधारी तारकासमूहातल्या एका दीर्घिका-समूहातला प्रचंड स्फोट ओळखला गेला. ३९ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका विवराने सभोवतालच्या तप्त वायूत इतकी मोठी पोकळी पाडली होती की तिच्यात आपल्या आकाशगंगेसारख्या पंधरा दीर्घिका ओळीने मावाव्यात.

त्याहून आम्हाला महत्त्वाचे वाटते ते पुण्याच्या आयुका संस्थेतल्या जयदीप बागची आणि सहकाऱ्यांचे काम. असे लांबलचक झोत बहुतेक लंबगोल दीर्घिकांतून निघतात, हा जवळजवळ नियमच. २०१४ मध्ये त्यांनी जे २३४५-०४४९ अशा रुक्ष नावाच्या एका दीर्घिकेचे वर्णन प्रसिद्ध केले. ती सर्पिल आहे, आपल्याच जातीची, आकाराने सुमारे तिप्पट. आणि तिच्या मधल्या विवरातून निघालेले झोत टोकापासून टोकापर्यंत ५० लाख प्रकाशवर्षांहून लांब! पुढच्या अभ्यासात दिसले की तिथे वायू मुबलक आहे, पण त्या मानाने तारे फारच कमी जन्मतात. दूध तापलेले आहे. तबकडी मात्र मोडलेली नाही, हात शाबूत आहेत. म्हणजे विवर खवळले की दीर्घिका विस्कटलीच पाहिजे असे नाही. नियमात न बसणारे असे एक उदाहरण दहा बसणाऱ्यांपेक्षा जास्त शिकवते.

आता ‘बरेचसे’चे कारण. विटा रचत मकबरा उभा करायला वेळ लागतो. विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे. त्यामुळे सुरुवातीच्या काळात दिसतील त्या दीर्घिका वेड्यावाकड्या, अर्धवट असतील अशी अपेक्षा होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्याच राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या चित्रांतून एक दीर्घिका दाखवून दिली. विश्व अवघे दीड अब्ज वर्षांचे असतानाची, तरी नीटनेटकी, दोन रेखीव हात असलेली सर्पिल. व्यास सुमारे ३० हजार प्रकाशवर्षे. वर्षाला ६० सूर्यांइतके तारे ती बनवत होती, आपली आकाशगंगा आज बनवते त्याच्या सुमारे वीसपट. त्यांनी तिला अलकनंदा नाव दिले. हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात, आणि हिमालयातली अलकनंदा ही मंदाकिनीची भगिनी नदी. एवढ्या लवकर एवढी सुबक तबकडी कशी तयार झाली, हे अजून समजावून सांगता आलेले नाही.

अलकनंदा दिसली ती ‘एबल २७४४’ या दीर्घिका-समूहाच्या मागे. पुढच्या समूहाचे गुरुत्वाकर्षण भिंगासारखे काम करते आणि मागचे मोठे करून दाखवते. त्याच भिंगातून २०२३ मध्ये आणखी दूरची, विश्व जेमतेम ४७ कोटी वर्षांचे असतानाची एक दीर्घिका सापडली होती. तिच्या मधल्या विवराचे वजन तिच्यातल्या साऱ्या ताऱ्यांच्या वजनाच्या जवळपास जाते! आपल्याकडे पोत्यापुढे चार दाणे, तिथे पोत्याला पोते. हे विवर ‘चंद्रा’ या क्ष-किरण दुर्बिणीला दिसले, आणि त्या दुर्बिणीचे नाव बोटीवर गणित मांडणाऱ्या त्याच मुलावरून ठेवलेले. असे विवर मेलेल्या ताऱ्यापासून सुरुवात करून एवढ्या थोड्या काळात वाढणे अवघड. मूळच्या भारतीय आणि आता अमेरिकेत येल विद्यापीठात असलेल्या प्रियंवदा नटराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार आधीपासून सुचवले होते की काही ठिकाणी वायूचा अख्खा ढगच, तारा न बनता, थेट विवरात कोसळला असावा. पुन्हा कैलासचा मार्ग. आधी विवर की आधी दीर्घिका, या प्रश्नाचे उत्तर सगळीकडे एकच असेल असे आता वाटत नाही.

हे सगळे पुण्यात, अमेरिकेत, अवकाशात. मग मराठवाड्यात काय? हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा इथे लायगो-इंडिया उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. ही दुर्बीण आभाळाकडे पाहत नाही. काटकोनात चार-चार किलोमीटर लांब दोन निर्वात नळ्या, त्यांत लेझर. दूर कुठे दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली की अवकाशात हेलकावा उठतो, आणि नळ्यांच्या लांबीत अणुकेंद्रातल्या प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडतो. तो फरक मोजायचा. अमेरिकेतल्या दोन लायगोंनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी असा पहिला हेलकावा टिपला. ३६ आणि २९ सूर्यांच्या वजनाची विवरे मिसळून ६२ चे एक झाले. बेरीज तीनने कमी भरते. ते तीन सूर्य लहरी होऊन निघून गेले. गोंगाटातून असा क्षीण आवाज वेगळा काढायची जी गणिती रीत आहे, तिच्या पायाभरणीत आयुकाचे संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा.

तिसरी-चौथी दुर्बीण इतक्या लांब कशाला, असे मुले विचारतात. गावात दोन मशिदींची अजान कानावर येते, ती कोणत्या बाजूची हे आपण दोन कानांमुळे ओळखतो. एका कानाला आवाज किंचित आधी पोहोचतो. हिंगोली हा जगाचा आणखी एक कान असेल, बाकीच्यांपासून खूप दूर, म्हणून दिशा अचूक सांगणारा.

आमचा जीव इथे अडकतो. ही यंत्रणा या दशकाच्या शेवटी-शेवटी सुरू व्हायची अपेक्षा आहे. आज आमच्याकडे सातवी-आठवीत असलेली मुले-मुली तेव्हा पदवीला असतील. तिथे केवळ शास्त्रज्ञ लागत नाहीत. निर्वात पंप, वेल्डिंग, वीज, प्रकाशविद्या, संगणक, सगळ्यांची माणसे लागतील. आपल्या वस्तीतली मुले तिथे फक्त कुंपणाबाहेर चहाची टपरी टाकणार की आत जाणार, हे आठवीनंतर गणित सोडायचे की नाही, अशा छोट्या घरगुती निर्णयांवर ठरते. मुलगी हुशार असून केवळ सायन्सचे कॉलेज दूर आहे म्हणून तिचा विषय बदलणारी घरे आम्ही दरवर्षी पाहतो. बसचा पास आणि सोबत जाणारी एक मैत्रीण, एवढ्यावर हे बऱ्याचदा सुटते. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना पहिले सहा महिने शब्दांचा त्रास होतो, गणिताचा नाही. शब्द शिकवता येतात.

पाहायचे असेल तर खोडदला दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास विज्ञान प्रदर्शन भरते, शाळांची मुले आपले प्रयोग घेऊन येतात आणि तबकड्याही जवळून बघता येतात. सहलीच्या यादीत ते घालावे.

आणि खर्च न करता पाहायचे तर सध्याची वर्षे सोयीची आहेत, रमजान थंडीच्या शेवटाला येतो आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये सहेरीला उठलात की गच्चीवर जाऊन आग्नेयेकडे पाहा. पहिल्या अशऱ्यात चंद्र तोवर मावळलेला असतो. विंचवाची वाकडी शेपटी ओळखू येते, तिच्या टोकाला मूळ नक्षत्राचे दोन जवळजवळचे तारे. तिथून डावीकडे किंचित सरकले की धनू राशीच्या कडेला कहकशांचा पट्टा सर्वांत रुंद होतो. मधली धूळ आड येते, म्हणून त्या जागी विशेष काही दिसत नाही. पण ४० लाख सूर्यांचे ते विवर तिथेच, त्याच दिशेला आहे. दिवे मालवलेले असले तर पट्टा दिसेल. लेण्यांच्या बाजूला, हॉटेलांच्या झगमगाटापासून थोडे दूर, अजून दिसतो.